दोन डोंगर आणि एक सूर्य

महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेत जा आणि तिसरी-चौथीच्या पोराला म्हणा, "एक देखावा काढ बरं." पोर इकडंतिकडं न बघता कागदावर दोन टोकदार डोंगर काढील. डोंगरांच्या बेचक्यात उगवता सूर्य, त्याची किरणं पट्टीनं मारलेली. डोंगरातून नागमोडी नदी, नदीत होडी, काठावर उतरत्या कौलांचं घर, घराशेजारी नारळ आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखी पाखरं. हा देखावा मी काढला, माझ्या पोरांनी काढला, आता नातवंडं काढतात. गाव बदललं, शाळा बदलली, पाटी जाऊन मोबाईल आला, देखावा तोच.

आमचं गाव माणदेशात, आटपाडीच्या बाजूला. ह्या देखाव्यातलं जवळजवळ काहीच आमच्याकडं नाही. आमचे डोंगर टोकदार नाहीत. विळ्यानं कापल्यासारखे माथ्यावर सपाट आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरत गेला, त्याचे थर एकावर एक बसले, म्हणून डोंगराला पायऱ्या आणि माथ्याला पठार. शाळेच्या दारात उभं राहिलं की असला डोंगर समोरच दिसतो, आणि तोही मावळतीला. म्हणजे त्याच्यामागं सूर्य उगवत नाही, बुडतो. माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूची आणि वेड्या बाभळीची. अलीकडं टेंभूचं पाणी आलं, पण होडी काही आली नाही. जुनी घरं धाब्याची, सपाट. नवी स्लॅबची नाहीतर पत्र्याची. नारळ कुणी हौसेनं परसात लावला असेल तेवढाच. बाकी झाडं म्हणजे बाभळ, बोर आणि लिंब.

म्हणजे पोर रोज जे बघतं ते काढत नाही, आणि जे काढतं ते त्यानं बघितलेलं नसतं. शाळेत चित्रकला का टिकत नाही, आईबापाला ती फुकटची का वाटते, याचं कारण मला ह्या कागदात दिसतं. त्याबद्दलच लिहायचं आहे. मी शिक्षक नाही. दहावी झालेला, डाळिंब आणि ज्वारी करणारा शेतकरी आहे. पण चित्रकलेच्या तासानं मला जे दिलं त्यावर मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं शेती केली, एवढ्या अधिकारानं बोलतो.

मी १९७६ साली दहावी झालो. जुनी अकरावी जाऊन दहावीची पहिली तुकडी आदल्याच वर्षी बाहेर पडली होती. हायस्कूल दोन कोसांवर. तिथं ड्रॉइंगचे सर होते. धोतर, काळी टोपी, खिशात दोन पेन्सिली. एलिमेंटरीच्या परीक्षेला ते आठ-दहा पोरं बसवायचे. शाळा सुटल्यावर तास. त्यांनी पहिल्या दिवशी टेबलावर एक तांब्या ठेवला आणि आम्हाला चहूबाजूंनी बसवलं. कुणी खाली, कुणी बाकावर, कुणी उभा. म्हणाले, काढा. आम्ही सगळ्यांनी तांब्याचं तोंड गोल गरगरीत काढलं.

सर माझ्यामागं येऊन उभे राहिले. "तांब्याचं तोंड गोल आहे, हे तुला माहीत आहे. पण तुला दिसतंय का गोल?"

मी नीट बघितलं. गोल दिसत नव्हतं. चपटं दिसत होतं, अंड्यासारखं. मग सरांनी मला खाली जमिनीवर बसवलं. तिथून तर तोंड दिसेचना, नुसती एक रेघ. बाकावर उभं केलं तर गोलाच्या जवळ गेलं. "माहीत असलेलं काढू नको. दिसतंय ते काढ," एवढंच ते वर्षभर म्हणत राहिले. एक डोळा मिटायचा, हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, अंगठ्यानं माप घ्यायचं. तांब्याच्या रुंदीत उंची किती वेळा बसते ते मोजायचं. परीक्षा पास झालो. सर्टिफिकेट पुढं कुठल्यातरी पावसाळ्यात भिजून गेलं. ते माप हातात राहिलं.

हे शेतीत कुठं लागतं, असं कुणी विचारील. सांगतो. डाळिंबाला तेल्या येतो. सुरुवातीला पानावर मोहरीएवढा डाग पडतो, तोही काळा नाही. पान उन्हाकडं धरलं तर तेल लागल्यासारखा पाणीदार दिसतो. काळा झाल्यावर कुणालाही दिसतो, पण तोवर बाग हातची गेलेली असते. मग फळावर डाग चढतो आणि फळ तडकतं. ज्याला पान दिसतं त्याला तो डाग पहिल्या दोन-चार दिवसांत कळतो. ज्याला नुसतं "हिरवं पान" माहीत आहे, तो बागेतनं फेरी मारून येतो आणि म्हणतो, सगळं बरं आहे. मी अजून वहीत पानाचं चित्र काढतो, डाग कुठं, केवढा, कुठल्या ओळीतल्या कितव्या झाडावर, ते मांडतो. आता फोनवर फोटो काढून पाठवतात, मीही पाठवतो. पण फोटो काढायला आधी डाग दिसावा लागतो.

आमच्या वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंत, दोन शिक्षक, पट तिसाच्या आतबाहेर. शाळा व्यवस्थापन समितीवर मला घेतलं होतं. शिक्षणहक्काच्या कायद्यात लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कलेला अर्धवेळ शिक्षक द्यावा. आमच्यासारख्या वाडीवरच्या शाळेला त्यातून काही मिळत नाही. वेळापत्रकात मात्र कलेचा तास असतो. शनिवारी शेवटचा. त्यात कुणी शिल्लक राहिलेली गणितं करतं, कुणी अंगण झाडतं, नाहीतर मग तोच देखावा.

चार-पाच वर्षांखाली एक मॅडम बदलून आल्या. कोल्हापूरकडच्या. एका सभेत त्या सहज म्हणाल्या, "तात्या, पोरांना चित्र काढा म्हटलं की सगळ्यांचं एकच येतं. मला काही सुचत नाही." मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी माझी डाळिंबाची वही नेऊन दाखवली. त्यांनी पानं उलटून बघितली आणि विचारलं, "हे पोरांना दाखवू का?"

वही दाखवून भागणार नव्हतं, हे त्यांनाही कळलं. त्यांनी एका शनिवारी पोरांना वर्गाबाहेर काढलं, पटांगणात बसवलं आणि समोरचा डोंगर काढायला सांगितला. निम्म्या पोरांनी डोंगराकडं पाठ करून दोन त्रिकोण काढले. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एका पोरीला उभं केलं, हात लांब करून बोटानं डोंगराची कड हवेत गिरवायला लावली. बोट वर चढलं, मग आडवं सरकत गेलं, सरकतच गेलं, मग खाली उतरलं. पोरगी म्हणाली, "मॅडम, ह्यो तर सपाट हाय!" आठ-नऊ वर्षं ती त्या डोंगरासमोर राहते. त्या दिवशी तिला तो दिसला.

तिथून पुढं काय-काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. तीन गोष्टी सांगतो.

पहिली रांगोळीची. पोरींना घरी ठिपक्यांची रांगोळी येतेच. मॅडमनी शाळेच्या ओट्यावर पंधरा ते आठची रांगोळी मांडायला लावली. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली एकेक कमी होत शेवटी आठ. ठिपके मांडून झाल्यावर विचारलं, "किती झाले?" पोरं एकेक मोजायला लागली, चुकायला लागली. एका पोरीनं सांगितलं, वरची बाजू आणि खालची बाजू सारखी आहे, मग एकच मोजू आणि दुप्पट करू. एका बाजूचे सत्त्याहत्तर, दोन्हीचे एकशे चोपन्न, मधले पंधरा, सगळे मिळून १६९. गणिताच्या तासाला जांभया देणारी पोरं हात पांढरे करून बेरीज करत होती. ही रांगोळी त्या पोरींच्या आयांनी, आज्यांनी शेकडो वेळा काढली असेल. तिच्यात गणित आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी घोंगड्याची. शेजारच्या गावात सणगराचा एक म्हातारा आहे, ऐंशीला टेकलेला. मॅडमनी पोरं त्याच्या घरी नेली. त्यानं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून दाखवलं. लोकर कातरायची कशी, सूत कसं निघतं, चिंचोक्याची खळ करून ताण्याला का लावायची, काठ वेगळा का विणायचा. काळ्या मेंढराची लोकर आणि पांढऱ्याची, नुसत्या ह्या दोन रंगांत किती तऱ्हेचे पट्टे निघतात ते दाखवलं. एका पोरानं विचारलं, "आज्जा, तुमी ड्रॉइंग शिकला का?" म्हातारा हसला. "न्हाय बाबा. आमचं ड्रॉइंग अंगावर घेऊन झोपायचं आसतं." येताना पोरांनी वहीत काठाची नक्षी उतरवून आणली. एलिमेंटरीला जे संकल्पचित्र आणि नक्षीकाम आम्ही सर्कलनं गिरवत बसायचो, ते हेच. फक्त आम्हाला ते कुठून आलं हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी बेंदराची. आमच्याकडं आषाढात बेंदूर. कुंभाराकडनं मातीचे बैल आणायचे, पुजायचे. मॅडमनी सांगितलं, यंदा बैल शाळेत करायचे. मी पाझर तलावातला गाळ आणून टाकला. पोरांनी खिल्लार करायला घेतले आणि अडली. वशिंड खांद्यावर येतं का पाठीच्या मधे? शिंगं मागं वळतात का पुढं? कान शिंगाच्या वर का खाली? घरी खिल्लार आता मोजक्या दारात. पोरं मधल्या सुट्टीत पळत जाऊन बैल बघून यायची, परत यायची, वशिंड उपटून पुढं लावायची.

ह्या पोरांत एक मेंढपाळाचं पोर होतं. दिवाळी झाली की घरची मेंढरं घेऊन बाहेर पडायची, पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्यामुळं शाळा अर्धीमुर्धी. चौथीत होतं, पण जोडाक्षर आलं की थांबायचं. वर्गात मागं बसायचं, विचारलं तर खाली बघायचं. त्यानं बैल केला नाही. मेंढरू केलं. दुसऱ्या पोरांनी कधी केलं तर मेंढरू शेळीसारखं दिसायचं नाहीतर कुत्र्यासारखं. ह्याच्या मेंढराचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाक आलेलं.

"नाक असं का रे केलंस?" मॅडमनी विचारलं.

"माडग्याळी हाय, मॅडम. त्येचं आसंच आसतं." मग न विचारता त्यानं पुढं सांगितलं, कान कसे लांब लोंबतात, तांबडे ठिपके कुठं असतात, पाय किती उंच. सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा. मॅडम कोल्हापूरच्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे सगळं मला लिहून दे, मेंढराखाली चिठ्ठी लावू." त्यानं चार ओळी लिहिल्या. निम्मे शब्द चुकलेले, पण लिहिल्या. त्या वर्षात त्यानं आपणहून लिहिलेलं ते पहिलंच, असं मॅडम म्हणाल्या. चित्रानं पोर हुशार झालं, असं मी म्हणत नाही. त्याच्याकडं जे होतं ते शाळेत आणायला त्याला पहिल्यांदा दार मिळालं.

गावानं हे सगळं गोड मानून घेतलं असं नाही. एक जण भर सभेत म्हणाला, "तात्या, पोरगं नवोदयाला बसवायचंय मला. चिखल तुडवायला घरी रान हाय की." त्याचं चूक नव्हतं. आमच्या वाडीतनं रोज सकाळी पिवळी गाडी इंग्रजी शाळेची पोरं भरून नेते. पट घटला की शाळेवर गंडांतर. शिष्यवृत्तीत पोर आलं तर शाळेचं नाव, चिखलात हात घातल्यानं नाही. मॅडमनी वाद घातला नाही. नवोदयाचं पुस्तक उघडून त्याच्यापुढं ठेवलं. त्यात आकृत्यांचे प्रश्न पानंच्या पानं. आरशात ही आकृती कशी दिसेल. नक्षीचा हा कोपरा राहिलाय, त्यात कुठला तुकडा बसेल. चारांत वेगळी कुठली. "दादा, रांगोळीची एक बाजू बघून दुसरी काढणारी पोरगी हा प्रश्न कसा सोडवील ते बघा," एवढंच बोलल्या. माणूस पान उलटत राहिला. पटलं का ते सांगितलं नाही, पण पोरगं शाळेतनं काढलं नाही.

खरं सांगायचं तर मला हा नवोदयाचा आधार घ्यावा लागला याचं थोडं वाईटच वाटलं. मार्कांचा दाखला दिल्याशिवाय चित्राला कुणी बसू देत नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात मार्क वाढतात, बी ला पाच, सी ला तीन. त्या मार्कांपायी कितीतरी पोरं रंगाची पेटी विकत घेतात. घेऊ देत. मार्कांच्या निमित्तानं का होईना, एखादं पोर तांब्याकडं नीट बघेल. पण मार्क मिळाल्यावर पेटी माळ्यावर जाते, तसं बघणंही माळ्यावर जाऊ नये, एवढंच.

आता वारलीचं सांगतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर तारपा नाच आहे. कुठल्यातरी योजनेतून पैसे आले, रंगारी आला, त्यानं ऑइलपेंटनं तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं काढली. चित्र देखणं आहे. पण मी पोरांना विचारलं, हे काय वाजवतोय, तर कुणी म्हणालं पुंगी, कुणी म्हणालं सनई. तारपा त्यांनी बघितलेला नाही. वारली चित्रं घराघरांतून जगापुढं नेली ती डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर जे काढायच्या ते त्यांनी रोजचं केलं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं त्यांच्या माणसांनी आपलं भात, आपले ताड, आपला तारपा काढला. आपण त्यांचे त्रिकोण उचलले, त्यांची रीत उचलली नाही. त्यांची रीत धरली तर आमच्या भिंतीवर ढोल आणि कैताळाच्या तालावर रुमाल उडवणारे गजी नाचणारे धनगर यायला हवेत, माडग्याळी मेंढरं यायला हवीत आणि मागं सपाट माथ्याचा डोंगर. मॅडमनी पोरांकडून दुसऱ्या भिंतीवर तसं काढून घेतलं, चुना आणि गेरू वापरून. रंगाऱ्यासारखं देखणं नाही झालं. एका धनगराला तीन हात आलेत. पण कोण काय करतंय ते पहिलीचं पोरसुद्धा सांगतं.

माझा थोरला नातू पुण्यात शिकतो. तो म्हणतो, "आज्जा, आता फोनला नुसतं सांगायचं, तो पाहिजे ते चित्र काढून देतो." त्यानं मला करून दाखवलं. "माणदेशातलं गाव" म्हणून सांगितलं तर आलेल्या चित्रात कौलारू घर होतं, नारळ होता आणि डोंगर टोकदार होते. मला हसू आलं. यंत्रानंही तोच देखावा काढला. नातू म्हणाला, नीट सांगितलं तर नीट काढील. बरोबर आहे. पण नीट सांगायला डोंगर सपाट आहे हे ज्याला दिसलंय असा माणूस पाहिजे. हातानं काढायचं काम उद्या यंत्र करील, बघायचं काम त्याच्यावर टाकता येणार नाही. म्हणून आज शाळेत चित्रकला पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे, असं माझं मत आहे. चित्रकार करायला नाही. शंभरातलं एखादं पोर चित्रकार होईल, व्हावं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मिस्त्री घराण्यातले, कुठल्या कॉलेजात न जाता शिकले आणि सिनेमाचा कॅमेरासुद्धा घरी तयार केला. आमच्याच माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर लिहायचे तशी चित्रंही काढायचे. पण उरलेल्या नव्व्याण्णवांना शेत बघायचंय, जनावर घ्यायचंय, यंत्राचा आवाज आणि तडा ओळखायचाय, घर बांधायचंय, आजारी माणसाचा चेहरा वाचायचाय. त्यांनाही डोळा लागतोच.

खर्च म्हणाल तर फार नाही. तलावातली माती फुकट, गेरू आणि चुना शेकड्यात येतो, कागद पाठकोरे चालतात. शिकवायला माणसंही गावातच आहेत. सणगर आहे, कुंभार आहे, वाकळ शिवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांना शाळेत बोलावलं तर त्या आधी लाजतात आणि मग उठत नाहीत. लागतो तो एक शिक्षक, ज्याला पोरांना वर्गाबाहेर काढायची भीती वाटत नाही, आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी समिती.

गेल्या वर्षी मॅडमची बदली झाली. मेंढपाळाचं पोर आता हायस्कूलला आहे, अर्धं वर्ष अजून बाहेर असतं. नवे गुरुजी आलेत, तरणे आहेत, कामात चोख, पण माहिती भरण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो. शनिवारचा शेवटचा तास परत गणिताकडं सरकू लागला आहे. मी त्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "तात्या, मला चित्रातलं काही येत नाही." मी म्हणालो, "गुरुजी, तुम्हाला काढायचं नाहीच. तुम्ही फक्त पोरांना बघायला लावा आणि काय दिसलं ते विचारा."

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बेंदूर महिन्यावर आलाय. तलावाच्या कडेची माती मी ट्रॉलीनं शाळेत आणून टाकली आहे आणि वर बारदान भिजवून घातलंय, सुकू नये म्हणून.